ट्राम फिरवणे

शेवटच्या थांब्यावर पोचलेली ट्राम परतीच्या दिशेला लावण्याची पद्धत. बस मोकळी जागा दिसली की वळते. ट्रामला मात्र रूळ नेतील तिकडेच जावे लागते. त्यामुळे गाडी कशी फिरवायची यावर तिची सगळी घडण ठरते.

सोलापुरात ट्राम कधी धावली नाही, पण गाडी फिरवण्याच्या पद्धतींतला फरक सोलापूर स्थानकावर पाहता येतो. सिद्धेश्वर एक्सप्रेसला परतीसाठी दुसऱ्या टोकाला इंजिन लावावे लागते. ट्रामच्या मोटारडब्यामागे (मोटार असलेल्या डब्यामागे) साधा डबा जोडलेला असला की तिथेही हीच खटपट : कपलिंग (डब्यांची जोडणी) सोडा, सांधा (रूळ जिथे फुटतात ती जागा) बदला, बाजूच्या रुळावरून पुढे या. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई–सोलापूर वंदे भारतला दोन्ही टोकांना चालककक्ष आहेत, त्यामुळे ती खटपटच नाही.

घोड्यांच्या ट्रामला (मुंबईत ९ मे १८७४ पासून) फिरवणे सोपे होते. घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपले की झाले. विजेच्या दुतोंडी (दोन्ही टोकांना चालककक्ष असलेल्या) ट्राममध्ये चालक कंट्रोलरचा, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा, दांडा उपसून हातात घेतो, डब्यातून चालत जातो आणि दुसऱ्या कक्षात बसवतो. दांडा जवळ असल्याने मागून कोणी गाडी हलवू शकत नाही. एवढ्यात कंडक्टर दोरीने ट्रॉलीचा दांडा (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा दांडा) तारेवरून खाली ओढतो, गाडीला अर्धा वळसा घालतो आणि टोकाचे चाक पुन्हा तारेला लावतो. अंधारात हे काम नजरेपेक्षा हाताच्या सवयीवर चालते. बाकांच्या पाठीही पलीकडे ढकलतात, म्हणजे प्रवाशांचे तोंड पुढे राहते. पुढे पँटोग्राफ (दोन्ही दिशांना चालणारी, तारेला टेकणारी छतावरची चौकट) आल्यावर दोरीचे काम संपले.

एकतोंडी (एकाच टोकाला चालककक्ष असलेली) ट्राम वळशाच्या रुळावरून फिरते; कोलकात्यात हीच रीत. दारे एकाच बाजूला असल्याने आसने जास्त बसतात, पण वळशाला भरपूर जागा लागते. ती नसेल तर तीन सांध्यांचा त्रिकोण करतात : गाडी एका फाट्यात शिरते, मागे सरकत दुसऱ्यात जाते आणि तोंड फिरवून बाहेर येते. भर रस्त्यात गाडी मागे घेणे धोक्याचेच.

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या दाटीच्या बाजारात वळशाला जागा कुठून काढणार? तिथे दुतोंडी गाडीच योग्य. सॅन फ्रान्सिस्कोतील पॉवेल स्ट्रीटच्या केबल कार (रस्त्याखालच्या तारदोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या) मात्र आजही लाकडी फिरत्या चकतीवर चढवून कर्मचारी हातांनी ढकलत फिरवतात.