जाहिरातीआधी आम्ही कागद का मागतो
फ्लॅट विकायला देणाऱ्या ग्राहकांसाठी

"फोटो पाठवले, भाव सांगितला, तरी आमचा फ्लॅट पोर्टलवर का दिसत नाही?" हा फोन आम्हाला आठवड्यातून चार-पाच वेळा येतो. विचारणाऱ्याचा वैताग रास्त असतो. फोनवर घाईघाईत दिलेल्या उत्तराने समाधान होत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले रिसेल फ्लॅट आम्ही ऑनलाइन विकून देतो. त्यात जाहिरात चढवणं हे सगळ्यात सोपं काम, अर्ध्या तासाचं. तरीही तुमचे कागद बघून झाल्याशिवाय आम्ही ती चढवत नाही. "कागद कुठे जातायत, गिऱ्हाईक आलं की देतो" असं बहुतेकजण म्हणतात, आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त महिने याच एका वाक्यापायी वाया जातात.

खरोखर घर घ्यायला निघालेला माणूस रोज पोर्टल बघत असतो. नवा फ्लॅट दिसला की पहिल्या आठवड्यातच फोन करतो, रविवारी बघून जातो, आवडला तर विसार द्यायलाही तयार असतो. पण त्याला कर्ज काढायचं असतं, आणि बँकेचा वकील सुरुवातीलाच मूळ कागद मागतो. तिथे गाडी अडली की तो दोन-तीन आठवडे थांबतो आणि मग दुसरा फ्लॅट घेतो. त्यालाही भाडं आणि हप्ता दोन्ही भरायचं नसतं. जाहिरात मात्र तशीच जुनी होत जाते, आणि पुढचा येणारा पहिलाच प्रश्न विचारतो, "इतके दिवस का पडून आहे?" मग भाव पाडून मागितला जातो.

कोथरूडमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं असंच झालं. तेव्हा आम्हीही आजच्याइतके कडक नव्हतो. वडील वारलेले, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव, आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेटही (सभासदत्वाचा दाखला) त्याच्या नावावर करून दिलेलं. त्यांना वाटलं, झालं काम. अकराव्या दिवशी चांगलं गिऱ्हाईक मिळालं. बँकेच्या वकिलाने विचारलं, बाकीचे वारस कुठे आहेत? एक भाऊ नाशिकला, बहीण न्यू जर्सीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो सोसायटीच्या दप्तरी इतर वारसांच्या वतीने उभा असतो. एक तर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. बहिणीला येणं शक्य नव्हतं, म्हणून तिचं कुलमुखत्यारपत्र आलं. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं, किंवा नोटरी करून त्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घ्यावं लागतं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे सगळं होईपर्यंत चार महिने गेले. गिऱ्हाईक दुसऱ्याच महिन्यात गेलं होतं. तिन्ही भावंडांत भांडण नव्हतं, सह्या करायला कोणाची ना नव्हती. फक्त क्रम उलटा झाला.

म्हणून आता आमचा पहिला प्रश्न असतो, "फ्लॅट नक्की कोणाच्या नावावर आहे?" तो अविश्वासातून येत नाही. परदेशात राहणारा भाऊ किंवा बहीण सहविक्रेता असेल तर तेही आधीच सांगा. तिच्या किंवा त्याच्या हिश्शावर खरेदीदाराला कापायचा टीडीएस (तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारला भरायचा आयकर) वेगळा आणि बराच जास्त असतो. तो कमी करून घेण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्यालाही वेळ द्यावा लागतो.

दुसरी अडचण साखळीची. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतला, त्याच्याकडून दुसऱ्याने, त्याच्याकडून तुम्ही, असं असेल तर तिन्ही करारनामे लागतात, प्रत्येकाची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा) यांसह. लोक फक्त शेवटचा आणून देतात. शेअर सर्टिफिकेट म्हणजेच घराचा कागद असाही एक समज आहे. ते सोसायटीचं सभासदत्व दाखवतं, करारनाम्याची जागा घेत नाही. मधला मूळ करारनामा हरवला असेल तर घाबरू नका. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, एवढं केलं की बहुतेक बँका पुढे जातात. यातली नोटीस आणि नक्कल आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पण यालाही महिना सहज लागतो, आणि तो महिना जाहिरातीच्या आधी गेलेला बरा.

कर्ज चालू असलेला फ्लॅट विकता येतो का? येतो, रोज विकले जातात. बँकेकडून दोन कागद आधी मागून ठेवा: किती रक्कम भरली की कर्ज संपेल त्याचं पत्र, आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी. खरेदीदाराची बँक थेट तुमच्या बँकेला पैसे देते आणि कागद सोडवून घेते. कर्ज आधीच फिटलं असेल आणि कागद अजून बँकेतच असतील तर आजच अर्ज द्या. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, आणि उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की काम लवकर हलतं.

सोसायटीचा ना-हरकत दाखला आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) बंधनकारक नाही, पण कर्ज देणारी बँक तो मागतेच. मेंटेनन्सची थकबाकी फेडून ठेवा. महापालिका हद्दीत फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटीला हस्तांतर शुल्क २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून मोठी 'देणगी' कोणी मागितली तर आम्हाला सांगा, पत्र आम्ही लिहून देऊ.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हाच दर २० टक्क्यांवर जातो. एवढं एक आजच तपासा.

आता आमच्याबद्दल. "मीच पोर्टलवर टाकलं तर?" असं विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, जरूर टाका. कागद स्वच्छ असतील आणि फोन घ्यायला, घर दाखवायला घरात कोणी असेल तर तुमचं काम होऊ शकतं. आमचा उपयोग मधल्या कामात होतो: भाव आजूबाजूच्या नोंदवलेल्या व्यवहारांवरून ठरवणं, कर्जाची पात्रता विचारूनच घर दाखवणं, तुमचा नंबर दलालांच्या हाती न जाऊ देणं, नोंदणीच्या दिवशी कार्यालयात हजर राहणं. दलालीचे नेहमीचे दोन टक्के आम्ही घेत नाही. आमची फी ठरावीक आहे, आणि ती खरेदीखत नोंदवल्यावरच घेतो. म्हणजे कागद अडले तर तुमच्याइतकंच आमचंही अडतं.

दोन विनंत्या. आमच्याकडे फ्लॅट दिल्यावर तोच आणखी चार जणांकडे वेगवेगळ्या भावाने देऊ नका. खरेदीदार चारही जाहिराती बघतो आणि सगळ्यांत कमी आकड्यापासून बोलणी सुरू करतो. आणि आम्हाला न कळवता कोणाकडून विसार घेऊ नका. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याला मान्य नाही आणि दंड तेवढ्याच रकमेचा होतो. त्यामुळे रोखीच्या बोलण्यात आम्ही बसत नाही.

कागद पाठवताना प्रत्येक पान पाठवा, मागची बाजू आणि नोंदणीचे शिक्के असलेली पानंसुद्धा. मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा. मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत काय आहे आणि काय कमी आहे ते लेखी कळवतो, आणि काही कमी नसेल तर जाहिरात त्याच संध्याकाळी चढते.