केंद्रातली जागा: मानाची की गाळाची?

विज्ञानावरच्या व्याख्यानात एक गोष्ट हमखास येते. पूर्वी माणूस स्वतःला विश्वाच्या केंद्रात समजत होता, त्यात त्याला मोठा अभिमान होता. मग कोपर्निकस आला, त्याने पृथ्वीला केंद्रातून हटवलं आणि माणसाचा तोरा उतरला. पुढे डार्विनने त्याला प्राण्यांच्या रांगेत बसवलं. सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली या दोन धक्क्यांना स्वतःचा तिसरा धक्का जोडला: माणूस स्वतःच्या मनाचाही मालक नाही. तेव्हापासून ही तीन धक्क्यांची कहाणी पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे फिरते आहे. विश्वात आपण कोण, आपल्या असण्याला काही अर्थ आहे का, हा प्रश्न निघाला की सुरुवात बहुतेक इथूनच होते.

यातला डार्विनचा भाग बाजूला ठेवू. कोपर्निकसचा भाग मात्र तपासून पाहिला की डळमळतो. पृथ्वी केंद्रात होती हे खरं, पण केंद्र ही मानाची जागा होती हे कुणी ठरवलं?

अॅरिस्टॉटलच्या विश्वात जड वस्तू केंद्राकडे पडतात आणि हलक्या वर जातात. माती सगळ्यात जड म्हणून ती मध्ये साचली. चंद्राच्या खालचं जग बदलतं, कुजतं, नष्ट होतं. वरचं आकाश शुद्ध आणि अविनाशी. म्हणजे केंद्र हा विश्वाचा तळ होता. दान्ते या इटालियन कवीने चौदाव्या शतकात नरकाची रचना केली तेव्हा सैतानाला नेमकं पृथ्वीच्या मध्यबिंदूत, म्हणजेच साऱ्या विश्वाच्या केंद्रात, बर्फात रुतवून ठेवलं. देव सगळ्यात बाहेर, सैतान सगळ्यात मध्ये. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या माँतेन्यने तर माणसाच्या गर्वाची खिल्ली उडवताना हेच हत्यार वापरलं: आपण जगाच्या चिखलात, घराच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, आकाशापासून सगळ्यात लांब राहतो आणि तरी एवढी घमेंड! पृथ्वी केंद्रात आहे हे मान्य असलेला माणूस हे लिहितो आहे.

आपण किती लहान आहोत याचा शोधही आधुनिक नाही. टॉलेमीने दुसऱ्या शतकात स्वच्छ लिहून ठेवलं की ताऱ्यांच्या गोलाशी तुलना केली तर पृथ्वी एका बिंदूएवढी आहे. त्याला ते गणितासाठी हवं होतं, दुःख करायला नव्हे.

१५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ छापून आला. त्यानंतर जे आक्षेप निघाले ते पाहण्यासारखे आहेत. बायबलमध्ये सूर्याला थांबायला सांगितलं आहे, मग तो स्थिर कसा? पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते तर वर फेकलेली वस्तू मागे का राहत नाही? पृथ्वी जागा बदलत असेल तर ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या का दिसत नाहीत? आणि तारे त्यासाठी पुरेसे लांब मानले तर त्यांचे आकार अफाट निघतात, असा टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाचा हिशेब होता. धर्म आणि भौतिकशास्त्र दोन्ही यात आहेत. ‘आमची मानाची जागा गेली’ ही तक्रार मात्र शोधावी लागते. उलट गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेलं सांगताना पृथ्वीची बढती झाल्यासारखा सूर लावला: ती विश्वातला गाळ आणि घाण साचण्याची जागा नाही, तीही चंद्रासारखी प्रकाश परावर्तित करते, ग्रहांच्या नृत्यात सामील आहे. डेनिस डॅनियलसन या अभ्यासकाने २००१ साली या सगळ्या पुराव्याची मांडणी करून ‘कोपर्निकसने पाणउतारा केला’ ही समजूत नंतरची असल्याचं दाखवलं. त्याच्या मते ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फाँतनेल या फ्रेंच लेखकाच्या १६८६ च्या लोकप्रिय लिखाणाच्या सुमारास, रुजायला लागली. सूर्य केंद्रात बसल्यावर केंद्र मानाचं झालं आणि मग ते आपल्याकडून गेल्याची हळहळ मागे जाऊन लिहिली गेली.

खरी भीती वेगळ्या ठिकाणी होती. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच विचारवंताला अस्वस्थ केलं ते केंद्र गेल्याने नाही, तर कडा गेल्याने. जुन्या विश्वाला बाहेरून भिंत होती, भिंतीपलीकडे देव होता. आता अवकाश संपेचना आणि त्यात कुणी बोलेनाही. अर्थाचा प्रश्न युरोपात इथून टोकदार झाला, असं मला वाटतं. आपण मध्यावर आहोत की कोपऱ्यात, हे त्यापुढे दुय्यम होतं.

आपल्याकडची हकीकत निराळ्या वाटेने गेली आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं. नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत. वराहमिहिराने विचारलं, मग पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्ताने विचारलं, मग उंच वस्तू कोसळत का नाहीत? दोन्ही शंका वाजवी आहेत आणि दोन्ही भौतिकशास्त्राच्या आहेत. माणसाच्या प्रतिष्ठेचा विषय या वादात येतच नाही. ज्या परंपरेत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, तिथे माणसाने कशाचा तोरा मिरवायचा?

भास्कराचार्यांचा गोलाध्याय (११५०) या बाबतीत फार मजेदार आहे. पृथ्वी कशावर टेकली आहे, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं: तिला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, कुठेतरी थांबून ‘हा स्वतःच्या शक्तीने उभा आहे’ म्हणायचंच असेल तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? मग ते गोलाच्या पलीकडच्या बाजूला राहणाऱ्या माणसांकडे वळतात. जो जिथे उभा असतो त्याला वाटतं की जमीन आपल्या पायाखाली आहे आणि आपण तिच्या वर आहोत. समोरासमोरच्या बाजूंना असलेली माणसं एकमेकांना उलटी लटकलेली मानतात, पाण्याच्या काठी उभं राहिल्यावर स्वतःचं प्रतिबिंब दिसतं तशी. पण तीही तिथे आपल्यासारखीच निवांत उभी आहेत. ‘वर’ ही कुणाची मिरास नाही, हे इतक्या शांतपणे सांगणारा उतारा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हे शिकवण्यासाठी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ उभा केला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी जुन्या मराठीत व्यवहाराची कलमं येतात: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा, घाण्यामागे किती तेल द्यायचं. ग्रहगतीचा अभ्यास तेल्याच्या घाण्यावर चालत होता. विश्वाचा विचार करणाऱ्यांनाही संध्याकाळी दिवा लागतोच.

पुढची गाठ पडते ती १८३० च्या दशकात, भोपाळजवळच्या सिहोरला. तिथला इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सेलॉट विल्किन्सन संस्कृत शिकलेला होता. कोपर्निकसची पद्धत लोकांच्या गळी उतरवायची तर आधी त्यांचेच सिद्धान्तग्रंथ, म्हणजे संस्कृतातले खगोलगणिताचे ग्रंथ, हाती घ्यावेत, असं त्याने १८३४ साली लिहिलं. पुराणांतली पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती द्वीपं आणि समुद्रांची वलयं. सिद्धान्तातली पृथ्वी गोल आणि अधांतरी. म्हणजे निम्मं काम भास्कराचार्यांनी करूनच ठेवलेलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सुबाजी बापू या शास्त्र्यांनी १८३६ च्या सुमारास पुराणं, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ चक्क मराठीत लिहिला. नंतर आग्र्याहून त्याच धर्तीचं हिंदी पुस्तकही निघालं. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री याच विल्किन्सनच्या नजरेत भरले. नागपुराहून सिहोर आणि पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात त्यांनी नाव काढलं.

या वादात पंडित भांडले ते कशावरून? पुराण खोटं ठरतं का, यावरून. पुराण आणि सिद्धान्त यांत मुळात विरोधच नाही हे दाखवण्यासाठी ‘अविरोधा’चे ग्रंथ लिहिले गेले, त्यांची खंडनं झाली. पृथ्वी ढळली म्हणून माणूस छोटा झाला, हे दुखणं इथल्या वादाच्या मुळाशी नव्हतं. ते आपण नंतर इंग्रजी पुस्तकांबरोबर आयात केलं आणि आपलंच समजू लागलो.

मग केंद्र खरोखर गेलं कधी? याचं उत्तर विसाव्या शतकात आहे, आणि त्यात कोपर्निकस नाही. १७८५ साली विल्यम हर्शेलने तारे मोजून आकाशगंगेचा नकाशा काढला तेव्हा सूर्य जवळपास मध्येच निघाला. मधली धूळ दूरचे तारे झाकते, त्यामुळे धुक्यात उभ्या माणसाला सगळीकडे सारखंच अंतर दिसावं तसा हा प्रकार होता. सव्वाशे वर्षांनंतरही चित्र फारसं बदललं नव्हतं.

बदलाची किल्ली हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटी तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांच्या हाती लागली. तेजस्वितेत कमीजास्त होणारे तारे शोधणं हे त्यांचं काम. १९१२ साली त्यांनी लहान मॅगेलन मेघातल्या २५ ताऱ्यांची मांडणी केली: ज्याच्या तेजाच्या चढउताराचा फेरा लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे फेरा मोजला की खरं तेज कळतं, आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर. याच प्रकारच्या मोजपट्टीने हार्लो शॅप्लीने गोलाकार तारकागुच्छांची अंतरं काढली. ते गुच्छ आपल्याभोवती सारखे पसरलेले नव्हते. धनू राशीच्या दिशेला त्यांची गर्दी होती. १९१८ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की आकाशगंगेचं केंद्र तिकडे आहे आणि सूर्य बराच बाजूला. त्याने अंतर प्रत्यक्षापेक्षा खूपच जास्त धरलं होतं. आज ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षं मानतात.

गंमत अशी की याच शॅप्लीला आपली आकाशगंगा म्हणजेच सारं विश्व वाटत होतं. २६ एप्रिल १९२० ला वॉशिंग्टनमध्ये हेबर कर्टिसशी त्याचा जाहीर सामना झाला. सर्पिल तेजोमेघ या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे कर्टिसचं म्हणणं बरोबर, पण त्याचा सूर्य मात्र मध्याजवळ. शॅप्लीचा सूर्य बरोबर बाजूला, पण त्याचं विश्व एकाच दीर्घिकेचं. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने देवयानी या सर्पिल तेजोमेघाच्या प्लेटवर एक तारा आधी नवतारा म्हणून खुणावला, मग ती खूण खोडून शेजारी ‘व्हीएआर!’ असं लिहिलं: बदलता तारा, लेव्हिट यांच्याच जातीचा. देवयानी आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाली. हबलला अंतर नऊ लाख प्रकाशवर्षं वाटलं, आज ते २५ लाख आहे. हबलचं पत्र मिळाल्यावर शॅप्ली म्हणाला, या पत्राने माझं विश्व उद्ध्वस्त केलं. लेव्हिट यांचं १९२१ मध्येच निधन झालं होतं.

यानंतर ‘आपण विशेष जागी नाही’ हे केवळ निरीक्षण राहिलं नाही, ते गृहीत झालं. १९४८ साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी ते टोकाला नेलं: विश्व सगळीकडे सारखं तर सगळ्या काळातही सारखंच का नको? त्याला आरंभच कशाला? कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली याच घरात वाढले. १९६५ साली विश्वाच्या सुरुवातीचं मानलं जाणारं सूक्ष्मतरंगी प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी आरंभ नसलेल्या विश्वाच्या या ‘स्थिर स्थिती’ सिद्धान्ताला रामराम ठोकला. नारळीकरांनी नाही, १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी तिची सुधारलेली आवृत्ती मांडली. पुरावा त्यांच्या बाजूने वळला नाही, तरी आरंभाचा प्रश्न सुटला असं समजून गप्प बसू नका, हा त्यांचा आग्रह मला उपयोगाचा वाटतो.

दुसऱ्या बाजूने खिंडार पाडलं ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाने, तेही कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या वर्षी, १९७३ मध्ये, क्राकोवच्या परिषदेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपण केंद्रात नसू, पण जिथे पाहणारा जगू शकतो अशाच जागी आणि अशाच काळात आपण असणार. त्या अर्थाने आपली जागा थोडी विशेष आहेच. त्याचा पुढे अनेकांनी ‘विश्व माणसासाठीच घडलं’ असा अर्थ काढला. कार्टरने इतकं काही म्हटलं नव्हतं.

नारळीकरांनी शेवटी प्रश्न जागेवरून काढून जीवावर नेला. सजीव पृथ्वीवरच जन्मले की अवकाशातून येत राहतात, या हॉइल यांच्या कल्पनेची तपासणी म्हणून २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले गेले. २००५ मध्ये पुन्हा. दुसऱ्या खेपेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलं गेलं. त्या बाहेरून आल्या हे सिद्ध झालं नाही, तसा दावाही प्रयोग करणाऱ्यांनी केला नाही. आर्यभटाच्या नावाची ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ नंतर जमिनीतही सापडत गेली. मध्य भारतातल्या काळ्या मातीत सोयाबीन आणि गव्हाला जस्त मिळवून देण्यासाठी तिचे प्रयोग झाले आहेत.