बासनात बांधलेला इतिहास

१८६६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मालमत्तेचा एक दावा सुनावणीस आला. खोजा समाजाची सामाईक मालमत्ता आणि वर्गणीतून जमलेला पैसा यांवर अधिकार कोणाचा, हा वरवर पाहता साधा दिवाणी प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर देण्याआधी खोजा म्हणजे नेमके कोण, हे न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांना ठरवावे लागणार होते. ते सुन्नी आहेत की शिया, आणि शिया असतील तर कोणत्या शाखेचे? कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते. ते इतिहासात शोधायचे, तर तो इतिहास त्या वेळी लिहिलेलाच नव्हता. निदान या समाजाच्या स्वतःच्या कागदपत्रांवरून तरी लिहिलेला नव्हता.

दावा आणणाऱ्या गटाचे म्हणणे असे होते, की आपल्या पूर्वजांना इस्लामची दीक्षा देणारे पीर सद्रुद्दीन सुन्नी होते, म्हणून आपणही सुन्नी आहोत आणि इराणहून आलेल्या आगाखानांचा आपल्यावर कोणताही अधिकार नाही. आगाखानांना द्यायच्या वर्गणीवरून ही फूट १८३० च्या सुमारासच पडली होती, आणि विरोधात उभ्या राहिलेल्या बारा असामींना समाजात ‘बारभाई’ म्हणत. पेशवाईतील बारभाईंशी त्यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. प्रतिवादी हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, हे इराणमधील केरमान प्रांताचे माजी सुभेदार होते; शहाविरुद्धचे बंड फसल्यावर ते अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे १८४० च्या दशकात मुंबईस आले होते. इस्माइली शियांच्या निझारी शाखेचे इमाम म्हणून खोजा समाजाची निष्ठा आपल्याकडेच आहे, असा त्यांचा दावा होता. पुरावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इराणला पाठवलेल्या ‘दसोंद’ नावाच्या वर्गणीची, इमामांच्या भेटीसाठी केलेल्या यात्रांची आणि ‘दशावतार’ नावाच्या एका गिनानाची, म्हणजे भक्तिगीताची, छाननी झाली. या गिनानात विष्णूचे नऊ अवतार सांगून दहावा अवतार म्हणून हजरत अली यांना वंदन केलेले आहे. न्यायमूर्तींनी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला: खोजा हे मूळचे हिंदू असून, त्यांनी शिया इमामी इस्माइली पंथ स्वीकारला आणि पुढेही तोच पाळला.

याच्या १९ वर्षे आधी, १८४७ मध्ये, मुंबईच्याच न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी खोजा मुलींच्या वारसाहक्काचा निवाडा करताना समाजाची रूढी हिंदूंसारखी आहे असे मानून ती उचलून धरली होती आणि मुलींना कुराणाप्रमाणे मिळणारा वाटा नाकारला होता. म्हणजे एकाच समाजाविषयी दोन दशकांत दोन निवाडे झाले, आणि दोन्हींमध्ये त्या समाजाची ओळख बाहेरच्या माणसाने निश्चित केली. आज अनेक अभ्यासक १८६६ च्या निकालाकडे याच दृष्टीने पाहतात. जो समाज आपल्या श्रद्धांची चौकट फारशी घट्ट न ठेवता जगत आला होता, त्याला न्यायालयाने एका नेमक्या खणात बसवले, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते बरेचसे पटते. मात्र दसोंदीचा पुरावा भक्कम होता, हेही नाकारता येत नाही.

इस्माइली पंथ सुरू झाला तो वारसाच्या प्रश्नावरून. शियांचे इमाम जाफर अस-सादिक यांचे ७६५ साली निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र इस्माइल यांच्या वंशाकडे इमामत गेली असे मानणारे ते इस्माइली. दुसरे पुत्र मूसा अल-काझिम यांची परंपरा मानणारे पुढे बारा इमामांना मानणारे म्हणून ओळखले गेले, आणि आज शियांमध्ये त्यांचेच बहुमत आहे. ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत इस्माइली इमामांनी फातिमी खिलाफत स्थापन केली, ९६९ मध्ये इजिप्त जिंकून कैरो वसवले आणि अल-अझहर मशीद उभारली. १०९४ मध्ये खलिफा अल-मुस्तनसिर वारल्यावर निझार आणि मुस्ताली या त्यांच्या दोन पुत्रांवरून पंथ दुभंगला. आजचे आगाखानी खोजा निझारी शाखेचे, तर बोहरी मुस्ताली शाखेच्या तय्यिबी उपशाखेचे. भेंडीबाजारातील बोहरी व्यापारी आणि जमातखान्यात, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळी, जाणारा खोजा हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत, ते या ९०० वर्षांपूर्वीच्या फाटाफुटीमुळे.

आता न्यायमूर्तींसमोर त्या काळी उपलब्ध असलेला इतिहास कोणता होता, ते पाहू. इस्माइलींविषयी सर्वांत जुने सविस्तर वृत्तान्त त्यांच्या विरोधकांनी दहाव्या शतकात लिहिले. अब्बासी खलिफांना फातिमींची वंशावळ खोटी ठरवायची होती, त्यामुळे दरबारी लेखकांनी या पंथाला इस्लाम पोखरण्याचा कट ठरवले. १०९० मध्ये हसन-ए-सब्बाह याने इराणच्या डोंगरांतील अलामूतचा किल्ला घेतला आणि पुढे त्याच्या निझारी अनुयायांनी सेल्जुक सत्ताधीशांवर निवडक हल्ले केले, तेव्हा या कथांना अधिकच जोर चढला. क्रुसेडच्या काळात सीरियात गेलेल्या युरोपीयांनी त्यांत आपली भर घातली. डोंगरावरचा म्हातारा, गुप्त बाग, हशीश पाजून स्वर्ग दाखवलेले तरुण, ही सगळी कथा मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातून युरोपभर पसरली. १८०९ मध्ये फ्रेंच पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी युरोपीयांनी निझारींना दिलेल्या ‘असॅसिन’ (मारेकरी) या शब्दाचे मूळ अरबी ‘हशीशी’ या शब्दात असल्याचे दाखवले. ही व्युत्पत्ती बरोबर होती, पण निझारी खरोखरच हशीश घेत, हा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष घसरला. अरबी मजकुरात ‘हशीशी’ ही शिवी म्हणून येते; हलक्या, बहकलेल्या लोकांना वापरायची शिवी. कैरोच्या मुस्ताली दरबारातून १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेल्या एका पत्रात सीरियातील निझारींना हाच शब्द लावलेला आहे, आणि तिथे हशीशच्या वापराचे काहीही स्पष्टीकरण नाही. निझारींचे कट्टर शत्रू असलेल्या मुस्लीम इतिहासकारांनीही त्यांच्यावर नशा करून हल्ले केल्याचा आरोप केलेला नाही. शिवीचा शब्दशः अर्थ घेतला, आणि त्या अर्थाला साजेशी गोष्ट रचली गेली. १८१८ मध्ये ऑस्ट्रियन लेखक योझेफ फॉन हामर यांनी या पंथाचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्याने हीच प्रतिमा पुढची शंभर वर्षे टिकवली.

पंथाचे स्वतःचे लेखन मग गेले कुठे? बरेचसे नष्ट झाले. फातिमी सत्ता ११७१ मध्ये सलाहुद्दीनने संपवली आणि कैरोतील प्रचंड ग्रंथसंग्रह विखुरला. १२५६ मध्ये हुलागू खानाच्या मंगोल सैन्याने अलामूत घेतले, तेव्हा त्याच्या सेवेत असलेला इतिहासकार जुवैनी याने तेथील ग्रंथालय पाहिले, कुराणाच्या प्रती आणि खगोलशास्त्राची उपकरणे बाजूला काढली आणि पाखंडी वाटलेली पुस्तके जाळून टाकली. जाळण्यापूर्वी त्याने हसन-ए-सब्बाहच्या चरित्राचा मात्र आपल्या ग्रंथासाठी उपयोग करून घेतला. अलामूतविषयी आपल्याला जे खात्रीने ठाऊक आहे, त्यातले बरेच त्या जाळणाऱ्याच्याच लेखणीतून आले आहे.

जे वाचले, ते दोन दिशांना वाचले. निझारींचे फारसी ग्रंथ पामीरच्या डोंगराळ बदख्शानात टिकले. फातिमी काळाचे अरबी ग्रंथ मुस्ताली-तय्यिबी परंपरेबरोबर येमेनमध्ये गेले, आणि १६ व्या शतकात पंथाच्या दाई या सर्वोच्च प्रमुखांचे केंद्र येमेनहून गुजरातेत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर अरबी समुद्र ओलांडून भारतात पोहोचले. सुरत आणि मुंबईसारख्या शहरांत, बोहरी विद्वानांच्या घरी, बासनात बांधून ठेवलेल्या पोथ्यांमध्ये कैरोचे हरवलेले ग्रंथालय अंशतः जिवंत होते. मात्र ते कोणाला दाखवायचे नव्हते. प्रत्येक बोहऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या ‘मीसाक’ या शपथेत गूढ ज्ञान अनधिकाऱ्याला न देण्याचे वचन असते, आणि काही पोथ्यांतील नाजूक शब्द तर गुप्त लिपीत लिहिलेले आढळतात. छळ सोसलेल्या पंथाची ही सावधगिरी समजण्याजोगी आहे, पण तिच्यामुळे शत्रूंनी लिहिलेल्या इतिहासाला उत्तर देणारा कागद नजरेआडच राहिला.

हे बासन विसाव्या शतकात सुटू लागले, आणि ते प्रामुख्याने मुंबईत. व्लादिमीर इव्हानोव्ह (१८८६–१९७०) हे रशियन फारसीतज्ज्ञ सेंट पीटर्सबर्गच्या आशियाई संग्रहालयात काम करीत असताना बदख्शानातून आलेल्या इस्माइली हस्तलिखितांशी त्यांचा परिचय झाला. १९१८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. इराण आणि कोलकात्यामार्गे ते मुंबईस पोहोचले आणि तिसऱ्या आगाखानांनी १९३१ मध्ये त्यांना इस्माइली साहित्याच्या संशोधनासाठी नेमले. उज्जैनच्या अल-मजदू या १८ व्या शतकातील बोहरी विद्वानाने आपल्या पंथाच्या ग्रंथांची एक सूची केली होती. तिच्या आधारे इव्हानोव्ह यांनी १९३३ मध्ये सुमारे ७०० ग्रंथांची माहिती प्रसिद्ध केली. बाहेरच्या जगाला तोवर अशी मोजकीच नावे ठाऊक होती. १९७७ मध्ये इस्माइल पूनावाला यांनी केलेल्या सूचीत ही संख्या १३०० च्या वर गेली.

इव्हानोव्ह यांना पोथ्या मिळाल्या, त्या ज्यांच्या घरी होत्या त्यांच्या सहकार्यामुळे, आणि या लोकांचे श्रेय बरेचदा मागे पडते. आसफ फैझी (१८९९–१९८१) यांचा जन्म माथेरानचा, घराणे सुलेमानी बोहऱ्यांचे. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि स्वतंत्र भारताचे इजिप्तमधील राजदूतही. सुरतेच्या विद्वान घराण्यातील हुसेन हमदानी आणि हैदराबादचे झाहिद अली यांनीही आपले कौटुंबिक संग्रह अभ्यासासाठी खुले केले. फैझी यांनी काझी नुमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या दहाव्या शतकातील कायदेग्रंथाची संशोधित आवृत्ती तयार केली. फातिमी राज्याची ही अधिकृत संहिता बोहऱ्यांमध्ये आजही प्रमाण मानली जाते. बारा इमामांना मानणारे शिया ठरावीक मुदतीचा ‘मुता’ विवाह वैध मानतात. हा ग्रंथ तो निषिद्ध ठरवतो. इस्माइली कायदा म्हणजे इतर शियांचाच कायदा, असे धरून चालता येत नाही, हे यामुळे मूळ ग्रंथातूनच सिद्ध झाले. १९५७ मध्ये फैझी यांनी आपली सुमारे २०० हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली.

पोथी हाती आली म्हणजे काम संपत नाही. दमट हवा आणि वाळवी यांमुळे भारतात पोथ्यांची पुन्हा पुन्हा नक्कल करावी लागते, म्हणून दहाव्या शतकातील ग्रंथाची हाती असलेली प्रत अनेकदा सतराव्या, अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातली असते. तिच्या शेवटच्या पुष्पिकेतून नक्कल करणाऱ्याचे नाव आणि काळ कळतो, पण मधल्या पिढ्यांत मजकूर किती बदलला ते कळत नाही. इथे पंथातील फाटाफूटच अभ्यासकाच्या उपयोगी पडते. १६ व्या शतकाच्या अखेरीस तय्यिबी परंपरा दाऊदी आणि सुलेमानी अशी विभागली गेली आणि दोन्हींच्या पोथ्यांची नक्कल पुढे मुख्यतः वेगवेगळ्या हातांनी होत राहिली. एखादा परिच्छेद दोन्हींकडे शब्दशः सारखा असेल, तर तो फुटीच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. एकीकडेच असेल, तर नंतरच्या भरीचा संशय घ्यावा लागतो. दोन जमातींनी एकमेकींपासून राखलेले अंतर असे नकळत तपासणीचे साधन बनते.

खोजांच्या गिनानांबाबत प्रश्न आणखी अवघड आहे. परंपरेनुसार ते मध्ययुगीन पीरांनी रचले, परंतु उपलब्ध दिनांकित पोथ्या १८ व्या शतकापासूनच्या आहेत, आणि मधल्या काळात ती गीते तोंडोतोंडी गायली गेली. गाताना भाषा ताजी होत जाते, हे ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या अभंगांच्या पाठभेदांवर डोके खपवलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हार्वर्डचे अली आसानी यांनी ‘बूझ निरंजन’ या दीर्घ काव्याचा अभ्यास केला, तेव्हा पीर सद्रुद्दीन यांच्या नावावर चालत आलेले हे काव्य प्रत्यक्षात कादिरी सूफी परंपरेत रचले गेल्याचे त्यांच्या तुलनेतून पुढे आले. समाजाने ते आपलेसे केले आणि पीरांच्या नावावर घातले. आसानींच्या या निष्कर्षामुळे काव्याचे मोल कमी होत नाही. सिंध-गुजरातेत खोजा आणि सूफी किती जवळ राहत होते, त्याचा तो चांगला दाखला आहे.

गिनानांच्या जुन्या पोथ्या खोजकी लिपीत आहेत. सिंधच्या व्यापारी लिपींच्या कुळातील ही लिपी मोडीसारखीच घाईच्या हिशेबी लेखनातून आलेली दिसते, आणि तिच्या अडचणीही मोडी वाचणाऱ्याला ओळखीच्या वाटतील. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘उ’ साठी एकच चिन्ह असल्याने शब्द कोणता, हे पुष्कळदा चालीवरून आणि यमकावरून ठरवावे लागते. एक सोय मात्र तिच्यात आहे: दोन शब्दांमध्ये ठिपक्यांची खूण घालण्याची पद्धत असल्यामुळे शब्द कुठे तुटतो, ते कळते. २०१४ मध्ये खोजकीचा युनिकोडमध्ये समावेश झाला, त्यामुळे एकाच गिनानाचे अनेक पोथ्यांतील पाठ संगणकावर मूळ लिपीतच शेजारी शेजारी मांडून तपासणे शक्य झाले आहे. १८६६ मध्ये न्यायालयात वाचला गेलेला ‘दशावतार’ विसाव्या शतकात जमातखान्यांतील नित्य पठणातून मागे पडला. त्याचे वेगवेगळे पाठ आता वाचायचे, तर या पोथ्यांकडेच जावे लागते.