ट्रान्सफॉर्मरच्या पोटातली कुजबुज

रात्री साडेअकराला फोन वाजला की आमच्या घरी आता कुणी दचकत नाही. ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या टेस्टिंगमधूनच असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. "सर, पीडी सहाशेच्या खाली येत नाहीये." एवढं ऐकलं की झोप उडते आणि मी गाडीची किल्ली शोधू लागतो.

पीडी म्हणजे पार्शल डिस्चार्ज, मराठीत आंशिक विसर्जन. ट्रान्सफॉर्मरमधल्या कागद, प्रेसबोर्ड आणि तेलाच्या इन्सुलेशनमध्ये कुठे बारीकशी पोकळी राहिली, तर तेवढ्याच जागेत ठिणगी पडते. ती आरपार जात नाही, त्यामुळे मशीन लगेच बंद पडत नाही. पण 50 हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दोनच ठिणग्या धरल्या, तरी दिवसाला 86 लाख होतात. वर्षानुवर्षं तीच जागा जळत राहते आणि एके दिवशी इन्सुलेशन फुटतं. गावंच्या गावं अंधारात जातात. म्हणून ही ठिणगी कारखान्यातच पकडायची असते.

पकडायची ती किती लहान? आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा 250 पिकोकूलंब आहे; पिकोकूलंब हे विद्युतभाराचं अगदी बारीक माप, आमचे आकडे त्यातच. एक अँपिअरचा प्रवाह एवढा विद्युतभार वाहून न्यायला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही फक्त पाव भाग घेतो. आणि हे मोजायचं, तेव्हा 220 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) ट्रान्सफॉर्मरवर फेज ते अर्थ, म्हणजे जमिनीच्या तुलनेत, सुमारे 200 केव्ही, म्हणजे नेहमीच्या दीडपटीहून जास्त विद्युतदाब तासभर चढवलेला असतो. 50 हर्ट्झवर एवढा दाब दिला तर गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरून प्रवाह बेसुमार वाढेल, म्हणून पुरवठ्याची वारंवारिता दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर नेतात.

दिवसा फ्लोअरवर क्रेन फिरते, वेल्डिंग चालतं, हँड ड्रिलच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरीही तारांमध्ये शिरतात. या गोंगाटात ट्रान्सफॉर्मरची कुजबुज हरवते. म्हणून नाजूक टेस्ट रात्री लावतात, आणि बिघाडही रात्रीच सापडतो. 2020 मध्ये टाळेबंदीत ग्राहकांचे निरीक्षक व्हिडिओवरून टेस्ट पाहू लागले. तेव्हापासून दूरच्या डिझाइन इंजिनिअरलाही त्याच क्षणी मोजणीचा पडदा दाखवायची सवय लागली. ती फार मोलाची आहे.

जुलैतली ती रात्र नाशिकच्या एमआयडीसीतली. बाहेर मुसळधार पाऊस. शिफ्टचा पोरगा घाबरला होता. त्याचं म्हणणं, टाकी उघडू या. मी म्हटलं, आधी नीट ऐकू या. टाकी उघडायची म्हणजे हजारो लिटर तेल काढायचं, आणि पावसाळी हवेत कागदाने ओल धरली की पुन्हा कित्येक दिवस सुकवण. एवढी किंमत मोजायची, तर खात्री हवी.

आम्ही क्रेनचा मेन स्विच पाडला, आजूबाजूचे लोखंडी तुकडे अर्थ केले. आकडा तसाच. मग पडद्यावरचा आकार बघितला. हवेतल्या टोकदार भागावरचा कोरोना, म्हणजे हवेत होणारं विसर्जन, दाबाच्या ऋण शिखराशी दिसतो. इथल्या खुणा दाब चढत असतानाच येत होत्या, म्हणजे पोकळी. तिन्ही बुशिंगवर, म्हणजे टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरवर, ठरावीक विद्युतभार सोडून तुलना केली, तेव्हा मधल्या फेजचा आकडा सगळ्यात मोठा निघाला. मग टाकीवर चुंबकाने ध्वनी-सेन्सर चिकटवले. ठिणगीचा विद्युत इशारा तत्काळ येतो, आवाज तेलातून सेकंदाला साधारण 1400 मीटर वेगाने. टरेटच्या, म्हणजे टाकीवर बुशिंग जिथे बसतं त्या उंच नळकांड्याच्या, बुडाशी लावलेल्या सेन्सरवर 0.3 मिलिसेकंदाचा फरक दिसला. म्हणजे तिथून 40 सेंटिमीटरच्या आसपास, वर टरेटच्या माथ्याकडे.

माथ्याला हवा सोडायचा प्लग असतो. तेल भरल्यावर तो उघडायचा राहून गेला होता.

तेलातल्या गोल बुडबुड्यावर आजूबाजूच्या तेलापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त विद्युत ताण येतो. हवेची सहनशक्ती मात्र मिलिमीटरला 3 केव्हीच्या आसपास, चांगल्या तेलाच्या कित्येक पट कमी. म्हणून ठिणगी आधी बुडबुड्यातच पडते. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण पुरवठा बंद करून, अर्थिंग रॉड लावून मी तो प्लग सैल केला, तेव्हा आधी फुसफुस हवा आली, मग फेसाळ तेल, मग एकसंध धार. पोरगा टॉर्च धरून बघत होता. दोघंही काही बोललो नाही.

उरलेले बारीक बुडबुडे हवा काढून टाकलेल्या तेलात हळूहळू विरघळतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. चार तास थांबलो. पहाटे पाचला दाब चढवला. आकडा 70 वर येऊन थांबला आणि तासभर हलला नाही. डिझाइनच्या साहेबांना पुण्याला पडदा दिसतच होता. त्यांनी "प्लगचा फोटो पाठवा, चेकलिस्टमध्ये घालतो" एवढंच लिहिलं.

सातला पहिली शिफ्ट आली. क्रेनवाल्या मामांनी बटण दाबलं आणि अजून चालू असलेल्या मोजणीच्या यंत्रावर आकडा झटकन चारशेवर गेला. रिपोर्टवर तोवर सही झाली होती.