घरगुती बीअरची साधने (इंदूर)

घरगुती बीअरची साधने : एका घाण्याला साधारण 20 लिटर बीअर तयार करण्यासाठी बाजारातली भांडी, नळ्या व जोडण्या घेऊन घरी जुळवलेला संच. त्याची कामे पाच : माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) गरम पाण्यात मुरवणे (मॅश), त्यातून गोड काढा (वर्ट) गाळून घेणे, तो हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुले) घालून उकळणे, निववणे आणि आंबवणे. मुरवायला आणि उकळायला कोणतेही मोठे पातेले चालते. इंदुरात संचाचा कस लागतो तो गाळणी आणि निववणी या दोन जागी. नोंदीत त्यांनाच जास्त जागा दिली आहे. या प्रक्रियेत ऊर्ध्वपातन नाही, त्यामुळे माळव्यात सरसकट वापरला जाणारा ‘भट्टी’ हा शब्द या संचाला लागू पडत नाही.

कायदा : मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे, तसेच त्यासाठी भांडी-उपकरणे बाळगणे गुन्हा आहे, घरापुरत्या बीअरला त्यातून सूट नाही. आदिवासींना मोहाच्या दारूबाबत असलेली मर्यादित सवलत येथे लागत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरवरची परवान्याची अट 1963 मध्ये गेली, अमेरिकेत संघीय कायद्याने 1978 मध्ये मुभा दिली. त्यामुळे या विषयावरचे बहुतेक लेखन त्या दोन देशांतले आहे. नळाला बारमाही थंड पाणी येते हे त्यात गृहीतच असते. परवान्याविना हाच संच माल्टचे सरबत करायला किंवा निववण्यापर्यंतच्या पायऱ्यांचा सराव करायला वापरता येतो.

गाळणीचा जुना वाद : सुरा गाळण्याच्या साधनाचा बहुधा सर्वांत जुना उल्लेख ऋग्वेदात ‘कारोतर’ या नावाने येतो (1.116.7). अश्विनांनी घोड्याच्या खुरातून, जणू कारोतरातून, सुरेचे शंभर कुंभ भरले, असे तेथे म्हटले आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी चौदाव्या शतकात कारोतर म्हणजे कामट्यांचे, कातड्याने मढवलेले, सुरा गाळण्याचे पात्र असा अर्थ दिला. वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायात, सौत्रामणी या सुरेची आहुती देण्याच्या यागाच्या संदर्भात, ‘कुंभी सुराधानी’ आणि कारोतर जवळजवळ येतात. शतपथ ब्राह्मणात शंभर छिद्रांची कुंभीही आहे. याच यागाच्या सुरेसाठी मोड आलेले धान्य (टीकाकारांच्या मते शष्प म्हणजे भाताचे, तोक्म म्हणजे जवाचे), लाह्या आणि ‘नग्नहू’ नावाचे किण्व सांगितले आहे. मोडाचे जव आणि गाळणी दोन्ही सापडल्यामुळे सुरा म्हणजे आजची बीअर आणि कारोतर म्हणजे आजची मॅश-गाळणी, असे समीकरण अधूनमधून मांडले जाते.

ते जपून घ्यावे. आजच्या पद्धतीत गाळणे आंबवण्याच्या आधी होते : धान्याचा चोथा मागे राहतो आणि आंबतो तो फक्त काढा. सौत्रामणीच्या वर्णनात शिजवलेले धान्य, मोडाचे पीठ आणि नग्नहू एकाच भांड्यात तीन रात्री राहतात. पिष्टाची साखर होणे आणि साखर आंबणे एकत्रच चालते आणि गाळणे शेवटी येते. झारखंड-ओडिशाकडची हंडिया (तांदळाची आंबवलेली दारू) आजही याच क्रमाने होते. कारोतर हा त्या घराण्यातला दिसतो. आंबून सैल पडलेला चोथा गाळणे सोपे. आंबण्याआधीचा गरम, चिकट चोथा गाळणे हे वेगळेच काम आहे आणि पुढे सांगितलेल्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात.

कौटिलीय अर्थशास्त्राचा (2.25) उल्लेखही येथे करायला हवा. मेदक या सुरेच्या प्रकारासाठी तेथे एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व दिले आहे. एक द्रोण म्हणजे चार आढक किंवा सोळा प्रस्थ, हे धरल्यास पाणी तांदळाच्या आठपट येते आणि किण्व तांदळाहूनही जास्त पडते. म्हणजे ‘किण्व’ हे चिमूटभर विरजण नसून स्वतःच धान्याचा मोठा वाटा असलेली वस्तू होती. कुटुंबांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावे, अशी मुभाही याच अध्यायात आहे. ग्रंथाचा काळ मौर्यकाळापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत कुठेही धरला जातो. हाती असलेले रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भांडी : 20 लिटरच्या घाण्याला उकळण्यासाठी 35 ते 45 लिटरचा भगोना लागतो. काढा 25 लिटरपासून सुरू होतो, पहिल्या उकळीला फेस एकदम वर येतो आणि अपुऱ्या भांड्यातून उतू जातो. बर्तन बाजारात स्टील वजनावर मिळते. लोहचुंबक लावून ‘304’ प्रतीचे स्टील पारखण्याची रीत फसवी आहे : 202 आणि 304 या दोन्ही प्रतींना चुंबक धरत नाही, त्याने फक्त 430सारखी प्रत वेगळी काढता येते. 202 चालते, मात्र छिद्र आणि वेल्डिंगच्या जागी ते लवकर गंजते.

तोटीसाठी भगोन्याच्या तळापासून दोन-अडीच सेंमी वर छिद्र पाडतात. अर्ध्या इंची निपलचा (आटे पाडलेल्या जोडनळीच्या तुकड्याचा) बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी असतो, त्यामुळे छिद्र 21 ते 22 मिमी. ड्रिल मंद गतीने आणि तेल देत चालवावे. वेगात चालवले की स्टील तापून कडक होते आणि पाते नुसते घसरत राहते. आत-बाहेर सिलिकॉनचे वायसर, मग चेकनट. बॉल व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा, बोल्ट काढून उघडणारा घ्यावा. साध्या व्हॉल्व्हमध्ये गोळ्याच्या मागे काढा अडकून राहतो, पुढच्या घाण्यापर्यंत तिथे आंबट बुरशी धरते, आणि बाहेरून कितीही धुतले तरी ती दिसत नाही.

मुरवण्यासाठी 20 लिटरचा पाण्याचा कॅम्पर (दुहेरी भिंतीचा, मध्ये फोम असलेला जार) पुरतो. 4.5 किलो माल्ट आणि 13.5 लिटर पाणी मिळून सुमारे 16.5 लिटर जागा घेतात. कॅम्पर थंड पाण्यासाठी बनलेला असतो. 75 अंशांच्या वरचे पाणी ओतल्यास आतला थर फुगतो, कधी सांध्यातून सुटतो. मॅश 66 अंशांवर हवा असेल आणि माल्ट 30 अंशांवर असेल, तर पाणी 71 अंशांचे घ्यावे; जानेवारीत माल्ट 12 अंशांवर असतो तेव्हा 73 ते 74. शिवाय कॅम्पर आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर तो स्वतः एक-दोन अंश खातो. तोटी बसवताना निपल दोन्ही भिंती आणि मधला फोम ओलांडेल एवढा लांब हवा. सांधा आत गळत असेल तर काढा फोममध्ये मुरतो, आणि त्याचा वास आला की कॅम्पर टाकूनच द्यावा लागतो.

गाळणी : सर्वांत स्वस्त गाळणी गीझरच्या जोडनळीची होते. नळीची दोन्ही टोके करवतीने कापून आतले रबर ओढून काढायचे आणि बाहेरची विणलेली जाळी ठेवायची. जाळी स्टीलचीच आहे ना हे आधी पाहावे. स्वस्त नळ्यांत नायलॉन किंवा अॅल्युमिनियम असते. नुसती जाळी मॅशच्या भाराखाली चपटी होते, म्हणून आत स्टीलच्या तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे सरकवतात. एक टोक दुमडून बंद, दुसरे तोटीला. 15 मिमी तांब्याच्या नळीला करवतीने खालच्या बाजूने काप देऊन केलेली गाळणी जास्त टिकते. काप वर आले तर त्यांत दाणे अडकतात. कॅम्परऐवजी कापडी पिशवीत माल्ट बांधून भगोन्यातच मुरवण्याची पद्धतही आहे. तिला गाळणी लागत नाही. ओली पिशवी उचलून टांगण्याची सोय मात्र लागते.

गाळणी तुंबते ती बहुतेक वेळा दळणामुळे. पिठाच्या गिरणीवर माल्ट दिला की त्याचा आटा होतो, टरफले चुरतात आणि तळाशी लापशी बसते. दाण्याचे तीन-चार तुकडे आणि टरफल अखंड, असे दळण हवे. गिरणीवाल्याला ‘मोटा दलिया’ असे सांगावे. दळण्याआधी 4.5 किलो माल्टवर 70 ते 90 मिलि पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवल्यास टरफल लवचीक होते आणि फुटत नाही. गहू वापरला असेल तर त्याला टरफलच नसते; अशा वेळी धुतलेले भाताचे तूस 200 ग्रॅमपर्यंत मिसळतात. दुसरे कारण घाई : तोटी पूर्ण उघडली की थर खाली ओढला जाऊन घट्ट होतो. मिनिटाला लिटरभराहून वेग जाऊ देऊ नये. तुंबलेच तर तोटीतून उलटे गरम पाणी सोडावे आणि थर वरून अलगद हलवावा. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते परत वर ओतायचे. 4.5 किलो चोथा तितकेच लिटर पाणी शोषून ठेवतो. वरून 16 लिटर ओतले की हाती 25 लिटर काढा येतो.

जव घरी मोडवायचे असतील तर थंडीचे दिवस धरावेत आणि दुकानातून टरफलासह दाणा मागून घ्यावा. पॉलिश केलेल्या जवाला मोड येत नाहीत. इंदूरच्या सियागंज बाजारात पुण्याकडच्या मराठीने ‘सातू’ मागितल्यास सत्तूचे पीठ हाती पडते. ‘जौ’ म्हणावे.

निववणी : उकळता काढा लवकरात लवकर 20 अंशांवर आणायचा असतो, कोमट काढ्यात जंतू वाढतात. फ्रिज-एसीच्या दुकानात मिळणारी 3/8 इंची मऊ तांब्याची नळी 15 मीटर घेऊन ती एखाद्या डब्याभोवती गुंडाळतात. रिकामी नळी वाकवताना चिमटते. आत बारीक मीठ ठासून भरावे, मग पाण्याने धुऊन काढता येते. दोन्ही टोके भगोन्याच्या काठाबाहेर आणून तिथेच रबरी नळी क्लॅम्पने जोडावी. सांधा आत असेल तर गळणारे कच्चे पाणी थेट काढ्यात पडते. पहिल्या वापराआधी नळी सिरक्याने पुसून धुवावी. प्रत्येक वेळी उकळी संपण्याआधी पंधरा मिनिटे ती काढ्यात सोडली की वेगळे निर्जंतुकीकरण लागत नाही.

इंदुरात खरी अडचण पाण्याची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी 35 अंशांच्या वर असते. त्याने काढा कितीही वेळ फिरवला तरी 40 अंशांखाली आणणे जिवावर येते. शिवाय नर्मदेचे पाणी बहुतेक वस्त्यांत दिवसाआड येते, तेव्हा शंभर लिटर मोरीत सोडणे परवडत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करतात. टाकीच्या पाण्याने 45 अंशांपर्यंत, आणि ते पाणी बादल्यांत धरून धुण्याला किंवा कूलरला. नंतर टबात बर्फाचे पाणी घेऊन कूलरचा छोटा पंप त्यात बुडवायचा आणि तेच पाणी वेटोळ्यातून फिरवत ठेवायचे. 20 लिटर काढा 45 वरून 20 अंशांवर आणायला सुमारे 2,100 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हिशेबाने साडेपाच किलो बर्फ पुरतो, प्रत्यक्षात सात-आठ किलो धरावा. बर्फ पहिल्याच टप्प्यात टाकणे ही नेहमीची चूक : तो 90 अंशांच्या काढ्यावर वितळून संपतो आणि शेवटच्या वीस अंशांना काही उरत नाही. बाजारातला लादीचा बर्फ काढ्यात कधीही टाकू नये.

आंबवण : भांडे 25 लिटरचे, खाद्यप्रतीच्या प्लास्टिकचे किंवा घट्ट झाकणाची स्टीलची कोठी, वर चार-पाच लिटर जागा मोकळी. झाकणाला रबरी ग्रोमेट बसवून त्यातून नळी पाण्याच्या बाटलीत सोडली की वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. सलाईनची बारीक नळी यासाठी वापरतात, पण जोराच्या फेसाने ती तुंबते आणि झाकण उडते. पहिले तीन दिवस 10 ते 12 मिमीची नळी बरी. भांडे गार झाल्यावर बाटलीतले पाणी आत ओढले जाते, म्हणून बाटली खाली ठेवावी आणि पाणी उकळून घेतलेले असावे.

एल या प्रकारच्या बीअरच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात आणि आंबताना काढा स्वतःच तीन-चार अंश तापतो. गरम राहिल्यास डोके धरणारी जड अल्कोहोले तयार होतात. ओले गोणपाट आणि पंखा हा उपाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बऱ्यापैकी चालतो, जुलै-ऑगस्टमध्ये फारसा नाही; बाहेर ऊन कमी म्हणून पावसाळा सोपा वाटतो, पण दमट हवेत पाणी उडतच नाही. जुना फ्रिज आणि तापनियंत्रक (एसटीसी-1000 सारखा) ही बारमाही व्यवस्था. संवेदक हवेत न लोंबवता भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोल लावावा. कॉम्प्रेसरचा विलंब पाच मिनिटे आणि फरक एक अंश ठेवला नाही, तर कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होऊन जळतो. वायरसाठी फ्रिजच्या भिंतीत भोक पाडू नये. गॅसची नळी त्यातूनच जाते. दाराच्या रबरातून वायर आत न्यावी. नॉर्वेतल्या क्वाइक जातीचे यीस्ट 30 ते 40 अंशांवरही स्वच्छ आंबवते, त्यामुळे फ्रिजची गरज टळते. चव मात्र वेगळी येते.

स्वच्छता : आधी धुणे, मग निर्जंतुक करणे, मळावर निर्जंतुकाचा उपयोग होत नाही. धुण्याला सोडियम परकार्बोनेट किंवा धुण्याचा सोडा, कोमट पाण्यात. ब्लीचिंगचे पाणी स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि त्यातले क्लोरीन बीअरमध्ये औषधी वास आणते. प्लास्टिकच्या भांड्याला तारेची घासणी लावू नये. ओरखड्यात जंतू लपतात. ओरखडलेले भांडे सिरक्याला द्यावे, बीअरला परत घेऊ नये. काही घाण्यांनंतर स्टीलच्या आत राखाडी, खरबरीत थर बसतो. तो मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेटचा, सोड्याने निघत नाही. बोअरच्या जड पाण्यात लवकर धरतो. लिंबूसताचे पाच टक्के गरम द्रावण अर्धा तास ठेवून घासल्यास ताजा थर सुटतो. रबरी आणि सिलिकॉनचे वायसर प्रत्येक घाण्यानंतर काढून उकळावेत. पिवळे किंवा चिकट झाले की बदलावेत.

मोजणी : घनतामापी 20 अंशांना आखलेला असतो, 35 अंशांच्या नमुन्यात तो सुमारे 0.004 ते 0.005 कमी दाखवतो. दूधवाल्यांकडचा लॅक्टोमीटरही घनताच मोजतो, पण त्याची पट्टी 1.040च्या आसपास संपते. वर दिलेल्या मापाचा काढा 1.048 येतो, म्हणून नमुन्यात तितकेच पाणी घालून 1 च्या पुढचा आकडा दुप्पट करावा लागतो.

बाटल्या : 650 मिलिच्या तपकिरी, क्राउन बुचाच्या, साखर लिटरला 6 ते 7 ग्रॅम. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांत घनता सारखी आल्याशिवाय बाटली बंद करू नये, नाहीतर ती फुटते. भरलेल्या बाटल्या उन्हाळ्यात गच्चीच्या खोलीत ठेवू नयेत.