विद्वत्संस्था आणि ज्ञानशाखांतील संवाद

विद्वत्संस्था : अभ्यासकांनी स्वेच्छेने एकत्र येऊन स्थापन केलेली आणि सभासदांनीच चालवलेली संस्था. विद्यापीठ शिकवते व पदवी देते. विद्वत्संस्था सभा भरवते, निबंध वाचून घेते, त्यांवर चर्चा घडवते आणि नियतकालिक काढते. विद्यापीठातील विभागांच्या सीमा नेमणुका, अभ्यासक्रम व परीक्षा यांनी पक्क्या झालेल्या असतात. विद्वत्संस्थेत मात्र रसायनशास्त्रज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ शेजारी बसू शकतात, कारण तेथे कोणी कोणाचा वरिष्ठ नसतो. निदान संस्थेच्या घटनेनुसार तरी. ज्ञानशाखांना एकमेकींशी बोलते करण्याचे काम या संस्थांनी केले, तसेच त्या शाखांना वेगळे करण्याचे कामही बऱ्याच अंशी त्यांनीच केले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्यांचा इतिहास नीट उलगडत नाही.

रोममधील आकादेमिया देई लिंचेई (१६०३), लंडनची रॉयल सोसायटी (१६६०) आणि पॅरिसची विज्ञान अकादमी (१६६६) या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा शाखांमध्ये पूल बांधण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आज ओळखीच्या असलेल्या शाखा तेव्हा आखल्याच गेलेल्या नव्हत्या. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकात गुरूवरील ठिपका, दुर्बिणीची भिंगे, जर्मनीतील शिशाचे खनिज, बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकार आणि जन्मतः विकृत असलेले एक वासरू असे सारे एकापाठोपाठ येते. ओल्डेनबर्ग यांचा खरा व्यवसाय पत्रव्यवहाराचा म्हणावा लागेल. देशोदेशींच्या अभ्यासकांची पत्रे त्यांच्याकडे येत, आणि एकाचा प्रश्न ते दुसऱ्याकडे पाठवत. युद्धाच्या काळात परदेशांशी चाललेल्या या पत्रव्यवहारामुळे संशय येऊन १६६७ मध्ये त्यांना काही आठवडे टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत राहावे लागले.

भाषेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. सोसायटीने १६६४ मध्ये इंग्रजी भाषेच्या सुधारणेसाठी समिती नेमली. संस्थेचा पहिला इतिहास लिहिणाऱ्या थॉमस स्प्रॅट यांनी १६६७ मध्ये पंडितांच्या भाषेपेक्षा कारागीर, शेतकरी व व्यापारी यांची साधी भाषा सभासदांना अधिक पसंत असल्याचे नोंदवले. हा आदर्श किती जण पाळत होते हा भाग वेगळा. परंतु दुसऱ्याला समजेल असे लिहिणे हा संस्थेचा नियम असू शकतो, ही कल्पना येथे रुजली. कलकत्त्यात १७८४ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीने तर माणूस आणि निसर्ग एवढे व्यापक क्षेत्र आपले मानले. तिचे संस्थापक विल्यम जोन्स पेशाने न्यायाधीश होते. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे आपले प्रसिद्ध विधान त्यांनी १७८६ मध्ये याच सभेपुढे केले.

त्यानंतर फाटे फुटू लागले. लंडनमध्ये १७८८ साली निसर्गेतिहासाची लिनियन सोसायटी, १८०७ साली जिऑलॉजिकल सोसायटी आणि १८२० साली अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी निघाली. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना यात आपल्या संस्थेचे विघटन दिसत होते. त्यांनी १८०९ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीचा राजीनामा दिला. खगोलशास्त्राच्या नव्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या ड्यूक ऑफ सॉमरसेट यांनीही बँक्स यांच्या दबावामुळे पद सोडले. बँक्स यांची भीती अगदीच निराधार नव्हती. ज्या नियतकालिकात गुरूचा ठिपका आणि विकृत वासरू एकाच अंकात नांदले होते, त्याचेही १८८७ मध्ये ‘ए’ (भौतिक विज्ञाने) आणि ‘बी’ (जीवविज्ञाने) असे दोन भाग झाले.

या फाटाफुटीवरचा उतारा म्हणून फिरत्या अधिवेशनांची पद्धत आली. लोरेन्झ ओकेन यांनी १८२२ मध्ये लाइपझिग येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांची सभा भरवली. दरवर्षी वेगळ्या शहरात जमायचे, असा तिचा प्रघात होता. तोच नमुना विज्ञानाच्या प्रगतीसाठी निघालेल्या ब्रिटिश असोसिएशनने (यॉर्क, १८३१) उचलला. पुढे त्याच उद्देशाची अमेरिकन असोसिएशन (फिलाडेल्फिया, १८४८) आणि इंडियन सायन्स काँग्रेस (कलकत्ता, १९१४) या संस्थाही त्याच वाटेने गेल्या. अधिवेशन एक आणि त्यात विषयवार विभाग अनेक, ही रचना आज इतकी परिचित आहे की ती कोणीतरी शोधून काढली असेल असे वाटतही नाही.

ब्रिटिश असोसिएशनच्या १८३३ च्या केंब्रिज अधिवेशनाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. भौतिकी, रसायन, भूविज्ञान, वनस्पती अशा वेगवेगळ्या विषयांत काम करणाऱ्या सर्वांना मिळून एक नाव काय द्यायचे, असा प्रश्न तेथे निघाला. ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्यूएल यांनी सुचवला आणि तो फारसा कोणाला रुचला नाही. हा प्रसंग ह्यूएल यांनीच १८३४ मध्ये एका ग्रंथपरीक्षणात नोंदवला. त्या परीक्षणात विज्ञानांचे तुकडे होत चालल्याची खंत आहे. म्हणजे हा शब्द अभ्यासकांच्या एकीतून आलेला नाही, ती हरवत चालल्याच्या जाणिवेतून आला आहे.

त्याच अधिवेशनात दुसरीही एक घटना घडली. बेल्जियमचे अडॉल्फ केटले लोकसंख्या व गुन्हे यांचे आकडे घेऊन आले होते, पण ते मांडावेत कोणत्या विभागात, हे ठरेना. चार्ल्स बॅबेज, थॉमस माल्थस, रिचर्ड जोन्स आदींनी खाजगी बैठक घेतली आणि तीतून संख्याशास्त्राचा नवा विभाग जन्मला. तोच पुढे ‘विभाग एफ’ म्हणून ओळखला गेला. अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी त्याला मान्यता दिली, पण राजकारणात न शिरण्याची आणि मानवी समाजाविषयी जे आकड्यांत मांडता येते तेवढेच बोलण्याची अट घातली. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, याच मंडळींच्या प्रयत्नांतून लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन झाली.

या विभागाला सख्खेपण मात्र कधीच मिळाले नाही. तेथील चर्चा पुरेशी वैज्ञानिक नाही, म्हणून तो बंद करावा असे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७७ मध्ये सुचवले. विल्यम फार यांनी विभागाची बाजू मांडली. १८७८ च्या डब्लिन अधिवेशनात विभागाचे अध्यक्ष जॉन केल्स इंग्रॅम यांनी या हल्ल्याला उत्तर देताना रोख उलटा अर्थशास्त्रज्ञांकडेच वळवला : अर्थशास्त्राने समाजाच्या एकंदर अभ्यासापासून स्वतःला तोडून घेतले, हाच दोष आहे. विभाग टिकला. शाखांमधील संवादाचे हे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण आहे. कारण यात सौजन्याची देवाणघेवाण नाही. विज्ञान कशाला म्हणायचे यावरचे जाहीर भांडण आहे, आणि अशा भांडणासाठी दोन्ही पक्ष एकाच संस्थेचे सभासद असावे लागतात.

संवादाची काही साधने यापेक्षा निमूटपणे काम करतात. परिभाषा व मापनपद्धती ठरवणे हे त्यांतले मुख्य. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना (आययूपॅक) १९१९ मध्ये स्थापन झाली. तिने ठरवलेली संयुगांची नावे औषधशास्त्रज्ञ, शेतीतज्ज्ञ आणि सीमाशुल्क अधिकारी असे सगळेच वापरतात. कोडाटा ही १९६६ मध्ये स्थापन झालेली समिती मूलभूत भौतिक स्थिरांकांची शिफारसमूल्ये प्रसिद्ध करते. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (१९५७-५८) हवामान, सागर, हिमनद्या, भूचुंबकत्व अशा अनेक विषयांची निरीक्षणे जागतिक माहिती केंद्रांत जमा करून सर्वांना खुली केली गेली. या गोष्टींचा गाजावाजा होत नाही, पण दोन शाखांतील माणसांना एकच आकडा एकाच अर्थाने वाचता येणे ही संवादाची पहिली पायरी असते.

विसाव्या शतकात मुद्दाम दोन शाखांच्या मधल्या जागेत संस्था काढल्या गेल्या. अर्थशास्त्राला गणित व संख्याशास्त्राशी जोडण्यासाठी १९३० मध्ये इकॉनोमेट्रिक सोसायटी निघाली. अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग, जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी, शरीरक्रियाशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड आणि गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांनी १९५४ मध्ये अमेरिकन असोसिएशनच्या अधिवेशनातच सामान्य प्रणाली सिद्धांतासाठी (सजीव, यंत्र, समाज अशा सर्व प्रणालींना लागू पडणाऱ्या तत्त्वांच्या अभ्यासासाठी) संस्थेचा पाया घातला. चेताविज्ञानाची (मेंदू व मज्जासंस्थेच्या अभ्यासाची) सोसायटी १९६९ ची, बोधविज्ञानाची (मन व विचारप्रक्रियेच्या अभ्यासाची) १९७९ ची. यांपैकी यशस्वी ठरलेल्यांचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पूल म्हणून बांधलेल्या जागेवर हळूहळू वस्ती होते. तिचे स्वतःचे नियतकालिक, पारितोषिके, पारिभाषिक शब्द आणि वेशी तयार होतात. चेताविज्ञान आज स्वतंत्र शाखाच आहे.

सर्वांत वरच्या पातळीवर विज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे यांचे महासंघ दीर्घकाळ वेगळे राहिले. विज्ञान संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद १९३१ ची, सामाजिक शास्त्रांची १९५२ ची. दोन्हींचे विलीनीकरण होऊन पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद स्थापन व्हायला २०१८ साल उजाडले.

महासंघ एक झाले तरी अडचणी खालच्या पातळीवर असतात. तरुण संशोधकाची नेमणूक व बढती त्याच्या विभागातील ज्येष्ठांच्या हाती असते, आणि दोन शाखांच्या सीमेवरचा निबंध तपासायला दोन्ही बाजू जाणणारा परीक्षक सहसा मिळत नाही. मोठ्या अधिवेशनांत तर अनेक सत्रे एकाच वेळी चालतात. त्यामुळे प्रत्येक जण आपल्याच विषयाच्या दालनात जाऊन बसतो आणि परक्या विषयाशी त्याची गाठ पडलीच तर ती चहाच्या रांगेत.

या बाबतीत भौतिक रसायनशास्त्राच्या फॅरेडे सोसायटीची (१९०३) पद्धत वेगळी ठरते. तिची पहिली ‘सर्वसाधारण चर्चा’ १९०७ मध्ये परासरण दाबावर (अर्धपार पडद्यातून द्रावक आत शिरण्याशी निगडित दाबावर) झाली. हा विषय रसायनशास्त्रज्ञांइतकाच जीवशास्त्रज्ञांचाही होता. आता रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री चालवत असलेल्या या चर्चांमध्ये निबंध आधीच वाटले जातात आणि लेखकाला बोलायला फक्त पाच मिनिटे मिळतात. उरलेला वेळ प्रश्नोत्तरांचा असतो. ती प्रश्नोत्तरे, विचारणाऱ्याच्या नावासह, निबंधांच्या जोडीने छापली जातात.