कादंबरी छापून झाली, आता खपवायची कशी?

स्वखर्चाने ऐतिहासिक कादंबरी काढणाऱ्या लेखकांसाठी आमच्या छापखान्याचं माहितीपत्रक

लातूरच्या आमच्या छापखान्यात वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि शाळांचे अहवाल चालू असतात. मधूनच एखादे निवृत्त गुरुजी, नाहीतर वकीलसाहेब, कादंबरीची जाडजूड फाईल घेऊन येतात. कागद कोणता, मुखपृष्ठ कसं, बांधणी टिकेल का, यावर तासभर बोलणं होतं. विक्रीचा विषय काढला की म्हणतात, "ते बघू की नंतर." त्या 'नंतर'चे गठ्ठे मग पलंगाखाली जाऊन बसतात. म्हणून हे पत्रक ऑर्डर देण्याआधीच वाचावं, ही विनंती.

आमचं सांगणं एकच आहे. ऐतिहासिक कादंबरी जिथं घडते तिथंच ती आधी खपते. पुण्या-मुंबईच्या दुकानांच्या मागं लागायचं असेल तर खुशाल लागा, पण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी.

छापण्याआधी

पहिल्या खेपेला तीनशे प्रती पुष्कळ झाल्या. ऑफसेटवर हजार प्रती काढल्या तर एका प्रतीचा खर्च कमी दिसतो हे खरं; पण न खपलेल्या सातशे प्रतींचा खर्चही तुमच्याच खिशातून जातो. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा धरतात. अठरा फर्मे म्हणजे २८८ पानं. मजकूर २९१ पानांवर गेला तर तीन पानांसाठी आणखी एक फर्मा चढतो. तेव्हा एखादं वर्णन आवरतं घ्या. वाचकही दुवा देतील.

मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाईल छपाईला चालते. पण तीच फाईल व्हॉट्सॲपवर किंवा ई-पुस्तकात टाकायला गेलं की अक्षरांची नुसती खिचडी होते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ते फक्त अर्ज भरून देण्याचे आहेत, एवढं समजून द्या. बारकोड आम्ही मलपृष्ठावर बसवून देतो.

मलपृष्ठावर काय लिहाल

इथं बहुतेकांचा घोळ होतो. "एका धगधगत्या कालखंडाचा रोमहर्षक वेध" हे वाक्य कुठल्याही पुस्तकावर चिकटवता येतं. म्हणून ते कुठल्याच पुस्तकाचं होत नाही. वाचक पुस्तक उलटं करून दोन गोष्टी शोधतो: कुठलं गाव आणि कोणता काळ.

नमुना म्हणून असं बघा: "सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेनं लष्कराच्या गाड्या येत असल्याची कुजबुज बाजारात सुरू आहे. धान्याच्या आडतीवरचा मुनीम गल्ल्यातले हाली सिक्के आणि कलदार रुपये वेगवेगळे मोजतो आहे. उद्या यातलं कोणतं नाणं चालेल?" चार ओळीच आहेत, पण त्यात गाव आलं, साल आलं, निजामाच्या राज्यातलं वेगळं चलन (हाली सिक्का निजामाचा, कलदार रुपया बाहेरचा) आलं आणि एका माणसाची अडचणही आली. उमरगा-तुळजापूर भागातला माणूस हे वाचून पहिलं पान उघडणारच.

दुसरी गोष्ट, 'निजाम' शब्द मोघम सोडू नका. अहमदनगरची निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निजाम वेगळा. पहिलीचा वजीर मलिक अंबर. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद झाली. दुसऱ्याचं संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेला शरण आलं. मधे तीनशे वर्षांहून जास्त अंतर आहे, आणि दुकानात उभा असलेला माणूस ते स्वतःहून लावून घेईल, असं धरून चालू नका. ऑनलाइन विक्रीसाठी शोधशब्द भरताना औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी जुनी-नवी दोन्ही नावं टाका. शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात.

आणि एक नाजूक बाब. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, काळावर लिहिलं असेल तर त्या घटनांतल्या घरांचे नातू-पणतू आज त्याच गावात राहतात. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, कासीम रझवी ही सार्वजनिक नावं आहेत, ती येतीलच. पण खासगी माणसांची नावं बदला. कोणती पात्रं कल्पित आहेत हे मनोगतात दोन ओळींत सांगा. पोस्टरवर रक्त आणि नंग्या तलवारी आम्ही सहसा सुचवत नाही. एवढं करूनही ग्राहकाचा हट्टच असेल तर छापतो, पण आधी एकदा बोलून घेतो.

विक्री कुठं आणि कधी

कादंबरीत येणाऱ्या गावांची यादी करा. ती तुमच्या बाजारपेठेची यादी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची, म्हणजे निजामाविरुद्धच्या लढ्यावरची, कादंबरी असेल तर त्यात बार्शी आणि सोलापूरही धरा. आंदोलनाचे कॅम्प संस्थानाच्या हद्दीबाहेर अशाच गावांतून चालत आणि तिथल्या जुन्या घरांत त्या दिवसांच्या गोष्टी अजून निघतात. उदगीरच्या १७६० च्या लढाईवर लिहिलंय? मग उदगीरचे शिक्षक, वकील, किल्ला दाखवायला पाहुण्यांना घेऊन जाणारी मंडळी हे तुमचे पहिले शंभर वाचक. राक्षसभुवनची लढाई (१७६३) असेल तर गेवराई आणि बीड. असईची (१८०३) असेल तर भोकरदन आणि जालना.

तारखाही अशाच धरा. १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत झेंडावंदन होतं, शाळा-महाविद्यालयांत भाषणं होतात आणि वक्त्यांना सत्काराला काय द्यावं हा प्रश्न संयोजकांना असतोच. शाल-श्रीफळासोबत तुमचं पुस्तक जाऊ शकतं, पण त्यासाठी मुख्याध्यापकांना ऑगस्टमध्येच भेटायला हवं. सोळा तारखेला गेलात तर चहा पिऊन परत यावं लागेल. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव हेही हाताशी ठेवा. मराठवाड्यातल्या मोठ्या यात्रांत मात्र पुस्तकाचा स्टॉल लावू नका. गर्दी बघून मोह होतो, पण तिथं लोक घोंगडी आणि भांडी घ्यायला आलेले असतात.

प्रकाशन सोहळ्याबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. हॉल, मंडप, पाहुण्यांचा प्रवास आणि जेवण यावर लोक छपाईइतका खर्च करतात. सभागृह भरतं, भाषणं लांबतात, आणि जाताना पाच-दहा जण पुस्तक घेतात. सोहळा करायचाच तर लहान करा आणि विक्रीचं टेबल दारातच ठेवा. टेबलावर घरचं माणूस बसवू नका. मावसभावाकडून पैसे घ्यायला त्याचा हात पुढं होत नाही. शेजारच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी बसवा, सुट्टे पैसे आणि क्यूआर कोड त्याच्याजवळ द्या. भेटप्रती किती द्यायच्या तो आकडा आधीच ठरवा, नाहीतर निम्मी आवृत्ती सह्या करण्यातच संपते.

पैशाचा हिशेब

समजा, किंमत ३५० रुपये ठेवली आणि एक प्रत १४० रुपयांना पडली. वितरक निम्म्यापर्यंत सूट मागू शकतो. तेवढी दिली तर हातात १७५ येतात, म्हणजे प्रतीमागं ३५ रुपये उरले. तेही त्यानं वेळेवर दिले तर. तीच प्रत तुम्ही स्वतः ३०० ला विकली तर १६० उरतात. म्हणून पहिली आवृत्ती स्वतः विका, असं आम्ही म्हणतो. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही.

टपालासाठी १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू आहे. सुरुवातीचे दर असे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिरातीचा कागद घालता येत नाही. आपलं पुस्तक त्यात बसतं का आणि आजचा दर काय, हे काउंटरवर एकदा विचारून घ्या.

सरकारी कामं

प्रकाशक म्हणून तुमचंच नाव असेल तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत चार प्रती स्वखर्चानं पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालयं. बरेच जण हे विसरतात. आम्ही पत्ते चिकटवलेली चार पाकिटं गठ्ठ्यासोबतच देतो.

राज्य शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत कादंबरीला स्वतंत्र विभाग आहे आणि पहिल्याच पुस्तकासाठी वेगळी वर्गवारी आहे. पुस्तक कोणत्या वर्षी प्रकाशित झालं त्यावर प्रवेश ठरतो. डिसेंबरअखेर घाईनं काढण्यापेक्षा जानेवारीत काढलेलं बरं, सगळं वर्ष हाताशी राहतं. प्रवेश शुल्क घेऊन घाऊक पुरस्कार वाटणाऱ्या मंडळींपासून मात्र चार हात लांब राहा.

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत स्वतः जा. अनुदानातून पुस्तकखरेदी कधी होते ते ग्रंथपाल सांगतील. एक प्रत वाचायला ठेवून या आणि पंधरा दिवसांनी परत फेरी मारा.

आमच्याकडे येताना

युनिकोड फाईल, अंदाजे पानसंख्या, कादंबरीतल्या गावांची यादी आणि मलपृष्ठाच्या चार ओळी एवढं घेऊन या. चार ओळी जमल्या नसतील तर तशाच या, बसून लिहू. त्याचे पैसे लागत नाहीत. सतरा सप्टेंबरला पुस्तक हातात हवं असेल तर मुद्रितशोधन झालेली फाईल जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. गणपती आणि नवरात्राची वर्गणीपुस्तकं सुरू झाली की मशीन रिकामं सापडत नाही.